त्याला विचारलंत का?

"पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय?"

खुर्चीतल्या तरुणाने जरा विचार केला. "घडा पालथा असला की पाणी आत जात नाही. खाली सांडतं. फरशी ओली होते."

"बरोबर. पण लोक असं कधी म्हणतात?"

"घडा पालथा असला की."

ही मुलाखत खोटी होती. औषधाच्या चाचणीत रुग्णांच्या मुलाखती घेणाऱ्यांचं प्रशिक्षण चाललं होतं. खुर्चीतला तरुण स्वतः डॉक्टर होता, पेशंटची भूमिका करत होता. मी कोपऱ्यात बसले होते ती भाषेपुरती. संमतिपत्रं आणि प्रश्नावल्या मराठीत आणायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. इंग्रजी म्हणी इथे उपयोगाच्या नव्हत्या, आपल्या शोधायच्या होत्या. 'नाचता येईना अंगण वाकडं' पास झाली. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' गळाली, कारण शहरात वाढलेल्या पोरांना आडही माहीत नाही आणि पोहराही. म्हण न कळणं हे आजाराचं लक्षण की फ्लॅटमध्ये वाढल्याचं, हे मोजपट्टीला कसं कळणार?

त्या मोजपट्टीचं नाव 'पॅन्स'. के, फिझबाइन आणि ऑपलर या तिघांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली आणि आज स्किझोफ्रेनियाच्या बहुतेक औषध-चाचण्या तिच्यावरच चालतात. तिच्यात ३० बाबी आहेत. सात बाबी आजाराने जे जास्तीचं आणलं त्याच्या: कानात येणारे आवाज, संशय, वाढलेला आवेश. सात बाबी आजाराने जे नेलं त्याच्या: आटलेलं बोलणं, बोथट झालेल्या भावना, माणसांतून उठून जाणं. म्हणींचा प्रश्न यातल्याच एका बाबीसाठी असतो. उरलेल्या सोळा बाबी चिंता, अपराधीपण, लक्ष न लागणं अशा सर्वसाधारण गोष्टींच्या. प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे धडधाकट माणसालाही ३० मिळतात आणि कमाल २१०.

मधुमेहाच्या औषधाची चाचणी असेल तर रक्तातली साखर मोजता येते. कानातले आवाज किती कमी झाले हे सांगणारी रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. एका माणसाने दुसऱ्यासमोर अर्धा-पाऊण तास बसायचं आणि विचारायचं. कोट्यवधींची औषधं या विचारण्यावर तरतात किंवा बुडतात. मानसिक आजाराच्या चाचण्यांबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका क्रियापदाभोवती फिरतं.

आधी दोन शब्द. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये, म्हणजे 'सा'मध्ये, रुग्णाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी या संस्थेमागे होते. २००४चा 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा सिनेमा घडला तोही त्यांच्याच खटपटीतून. हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला जरा गोड वाटले होते. आता सवयीचे झालेत, आणि 'पेशंट' व 'नातेवाईक' यांपेक्षा बरेच आहेत. 'नातेवाईक' म्हटलं की डोळ्यांसमोर वॉर्डाबाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन बसलेलं माणूस येतं.

चाचण्या हव्यात कशाला, असा प्रश्न शुभंकर मंडळी हमखास विचारतात. "आमच्या मुलाचा गिनीपिग कशाला?" त्यावर मी इन्शुलिन कोमाची गोष्ट सांगते.

१९३०च्या दशकात व्हिएन्नातल्या मॅनफ्रेड साकेल या डॉक्टरने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इन्शुलिनची मोठी मात्रा देऊन रोज बेशुद्धीत न्यायचं आणि साखर देऊन परत आणायचं, अशी पद्धत काढली. आठवड्यांमागून आठवडे. कित्येक जण बरे झाल्याचे दाखले होते, काही जण त्या बेशुद्धीतून परत आलेच नाहीत. तरी जगभर ही पद्धत वीसेक वर्षं चालली. खास वॉर्ड, खास नर्सा, अनुभवी डॉक्टर, आणि सगळ्यांची खात्री की गुण येतो. १९५७ साली लंडनमध्ये ॲकनर, हॅरिस आणि ओल्डहॅम यांनी साधी गोष्ट केली. निम्म्या रुग्णांना इन्शुलिनने बेशुद्ध केलं, निम्म्यांना झोपेच्या औषधाने. बाकी वॉर्ड तोच, नर्सा त्याच, देखभाल तीच. दोन्ही गटांचा निकाल सारखा आला. इन्शुलिनचा काही संबंधच नव्हता. मग गुण कशाने येत होता? मनोरुग्णालयाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या माणसाकडे दिवसभर कुणीतरी बघत होतं, त्याला भरवत होतं, शुद्धीवर आल्यावर त्याचं नाव घेऊन बोलत होतं. एवढ्याने जे व्हायचं ते होत होतं. लेखात पुढे हे पुन्हा येणार आहे.

तुलनेचा गट नसता तर आजही कुठेतरी इन्शुलिनच्या सुया टोचत बसले असते. माणसावर प्रयोग होतात ते चाचणीत, असं आपण समजतो. खरं तर चाचणी न केलेला उपचार हाही प्रयोगच असतो. फक्त त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आपल्याकडच्या सर्पगंधेची गोष्ट याच्या जवळची. वैद्यांना ही मुळी जुनी ओळखीची. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ती वेडावरही चालते आणि रक्तदाबावरही. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्यातलं 'रेसर्पिन' वेगळं काढलं गेलं, अमेरिकेत नेथन क्लाइनने ते मनोरुग्णालयात वापरलं, आणि काही वर्षं क्लोरप्रोमॅझिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं जात होतं. १९५७चं लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळालं. पुढे रेसर्पिन मागे पडलं. रक्तदाब फार उतरे, माणूस उदास होई. क्लोरप्रोमॅझिन टिकलं, कारण तुलनेच्या चाचण्यांत ते पुन्हा पुन्हा उतरत राहिलं. त्यातली सुरुवातीची एक चाचणी १९५४ साली बर्मिंगहॅममध्ये एल्क्स दांपत्याने केली ती अवघ्या २७ रुग्णांवर. आलटून पालटून कधी औषध, कधी तशीच दिसणारी कोरी गोळी. सर्पगंधेचा अभिमान जरूर असावा, पण तिच्या कथेतला हा दुसरा अर्धा भाग आपण सांगत नाही.

आता मूळ मुद्दा: चाचणीत नेमकं काय होतं. पायऱ्या थोडक्यात सांगते. पहिल्या टप्प्यात मोजक्या, बहुधा निरोगी माणसांवर औषध सोसतं का ते बघतात. दुसऱ्यात थोड्या रुग्णांवर, तिसऱ्यात शेकड्यांनी. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावरचा. शुभार्थीच्या वाट्याला येतात ते बहुधा दुसरा आणि तिसरा.

त्यात गट पाडतात. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात वाक्य होतं: 'यादृच्छिक पद्धतीने आपली गटामध्ये नियुक्ती करण्यात येईल.' सरकारी नोकरी लागल्यासारखं. मी ते काढून लिहिलं, 'चिठ्ठी टाकावी तसं, कोणत्या गटात जाल हे नशिबाने ठरेल.' आमच्याकडे भिशी कुणाला लागली हे असंच ठरतं, सगळ्यांना कळेल. एथिक्स कमिटीतल्या एका सदस्याने 'नशीब' शब्दाला हरकत घेतली. कोरी गोळी वाट्याला आली तर माणूस म्हणेल माझं नशीबच फुटकं. हरकत रास्त होती. शेवटी 'चिठ्ठी काढल्यासारखं, संगणक ठरवेल. तुमच्या डॉक्टरांनाही ते माहीत नसेल' असं ठरलं. वाक्य स्वच्छ झालं म्हणून मी खूश होते.

मग एका कोऑर्डिनेटर ताईंनी ते वाचलं आणि हसल्या. म्हणाल्या, "अहो, माझा पेशंट घरून हेच सांगत आलाय. कुठला तरी संगणक माझं ठरवतो, डॉक्टरांना माहीत नाही, आणि भिंतीत कॅमेरा आहे."

कॅमेरा खरोखरच असतो. नव्या रसायनाची चाचणी असेल आणि भाग घेणारी व्यक्ती स्वतःचं हित जपायला दुबळी ठरू शकत असेल, तर संमतीची सगळी बातचीत दृक्‌श्राव्य टिपून ठेवावी, असं आपला २०१९चा नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम सांगतो. हेतू चांगला आहे. कागद पुढे सरकवून 'इथे सही करा' म्हणण्याची जी सवय होती तिला आळा बसावा. पण शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात या भीतीने खिडकीला वर्तमानपत्र चिकटवणाऱ्या माणसापुढे कायदा तिपाई उभी करतो. ताईंनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. कॅमेरा आधी त्याच्याच हातात द्यायचा. "दादा, बघा यातून काय दिसतं ते." तो टेबल बघे, पंखा बघे, ताईंना बघे. मग तिपाईवर कुठे ठेवायचा तेही त्यानेच सांगायचं. नियमात हे कुठेही लिहिलेलं नाही.

कोऱ्या गोळीबद्दल, म्हणजे प्लासिबोबद्दल, सगळ्यात जास्त राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. ज्याला औषध उपलब्ध आहे त्याला सहा आठवडे खडू का खायला घालायचा? उत्तर त्या मोजपट्टीत आहे. म्युनिकच्या श्टेफान लॉयश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली साठ वर्षांच्या १६७ चाचण्या एकत्र मांडल्या, अठ्ठावीस हजारांवर माणसांच्या. निदान थोडा तरी गुण आलेले: औषधावर ५१ टक्के, प्लासिबोवर ३०. चांगला गुण आलेले: औषधावर २३ टक्के, प्लासिबोवर १४. या आकड्यांकडे दोन बाजूंनी बघावं लागतं. औषध चालतं, हे नक्की. आणि काही न देता शंभरातल्या तीस जणांना बरं वाटतं, हेही नक्की.

नोव्हेंबर २०२४मध्ये याच दुसऱ्या गोष्टीने मोठा दणका दिला. एमराक्लिडिन नावाचं नवं औषध दोन चाचण्यांत प्लासिबोच्या पुढे जाऊ शकलं नाही. ॲबव्ही कंपनीने ज्या कंपनीला ८७० कोटी डॉलर मोजून विकत घेतलं होतं, तिचं हे मुख्य औषध. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२४मध्ये, त्याच घराण्यातल्या झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोडगोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. डोपामिनला थेट न अडवता काम करणारं सत्तर वर्षांतलं पहिलं औषध म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच्या एका प्रमुख चाचणीत २५२ माणसं होती, पाच आठवडे दवाखान्यात राहिली, आणि प्लासिबोपेक्षा पॅन्सचे ९.६ गुण जास्त उतरले. हा फरक मोलाचा आहे, पण २१०च्या पट्टीवर तो कुठे बसतो तेही ध्यानात ठेवावं.

प्लासिबोवर इतक्यांना बरं का वाटतं? काही कारणं हिशेबातली. माणसं भरती करायची घाई असते, मग सुरुवातीचे गुण जरा चढेच पडतात आणि पुढे आपोआप उतरतात. पण एक कारण मला इन्शुलिनच्या वॉर्डाची आठवण करून देतं. सरकारी ओपीडीत शुभार्थीच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. झोप लागते का, गोळ्या घेतो का, पुढच्या महिन्यात या. चाचणीत तोच माणूस दर आठवड्याला येतो, चहा मिळतो, येण्याजाण्याचे पैसे मिळतात, आणि कुणीतरी अर्धा तास त्याच्या डोळ्यांत बघून विचारतं की आवाज काय म्हणतात, किती वेळा म्हणतात, त्यांना तू काय म्हणतोस. आवाज काय म्हणतात हे त्याला घरात आजवर कुणी विचारलेलं नसतं. घरात त्या आवाजांचं नाव काढायची सोय नसते.

प्लासिबो सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. सरसकट चांगलाही नाही. २००५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री'त तीव्र उन्मादाच्या रुग्णांवरची रिस्पेरिडोनची एक प्लासिबो चाचणी छापून आली. ती झाली होती भारतातल्या केंद्रांवर. इतक्या खवळलेल्या अवस्थेतल्या माणसांना तीन आठवडे कोऱ्या गोळीवर ठेवणं योग्य होतं का, आणि ते भारतातच का, यावर टीका झाली. माझं मत विचाराल तर दुसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. प्लासिबोशिवायही चाचणी होते. १९८८ साली जॉन केन यांनी क्लोझापिनची तुलना क्लोरप्रोमॅझिनशी केली, इतर औषधांनी गुण न आलेल्या २६८ माणसांवर. सहा आठवड्यांत क्लोझापिनवर ३० टक्क्यांना गुण आला, क्लोरप्रोमॅझिनवर ४ टक्क्यांना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवणारं आणि १९७५ साली फिनलंडमधल्या मृत्यूंनंतर जवळजवळ बाद झालेलं हे औषध त्या एका चाचणीने परत आणलं. आज आपल्याकडे कित्येक घरांत नेमाने रक्त तपासून ते चालू आहे. अमेरिकेतल्या 'केटी' चाचणीनेही प्लासिबोला हात लावला नाही. १,४९३ माणसं, दीड वर्ष, जुनी नवी पाच औषधं. ७४ टक्क्यांनी मिळालेलं औषध मुदतीआधीच सोडलं, आणि पर्फेनॅझिन हे जुनं स्वस्त औषध महागड्या नव्यांपैकी बहुतेकांच्या बरोबरीने उभं राहिलं. हा निकाल कुठल्या कंपनीने पैसे घालून काढला असता असं मला वाटत नाही. तिथे सरकारी पैसा होता.

आता संमती. सही कुणाची?

आपल्याकडच्या ओपीडीतलं चित्र असं. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला आई आणि मुलगा. मुलगा तिशीचा. डॉक्टर म्हणतात, "आई, एक नवीन औषध आलंय, बघायचं का?" आई म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं साहेब." मुलगा पंख्याकडे बघत असतो. त्याच्याबद्दल सगळं 'तो'मध्ये चाललेलं असतं, तो तिथे असताना. यात कुणी वाईट नाही. आईने बारा वर्षं काढलीत, डॉक्टरांच्या दारात चाळीस माणसं आहेत. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९९ सांगतं की संशोधनात भाग घ्यायचा तर मुक्त आणि माहितीपूर्ण संमती त्या व्यक्तीची स्वतःची हवी. ती देता येत नसेल आणि व्यक्तीचा विरोधही नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. मग नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती चालते, पण तीही जे संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर करताच येणार नाही अशाच बाबतीत. आईची सही हा जवळचा रस्ता नव्हे, तो शेवटचा रस्ता आहे. आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते.

"पण त्याला काय कळतंय?" हा पुढचा प्रश्न. कायद्याची कसोटी सोपी आहे: सांगितलेलं समजतं का, किंवा त्याचे परिणाम लक्षात येतात का, किंवा ठरलेलं सांगता येतं का, बोलून नाहीतर खुणेने. इतरांना निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. याचा अभ्यासही झाला आहे. विल्यम कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ३० शुभार्थी आणि २४ निरोगी माणसांना संशोधनाची माहिती देऊन किती कळलं ते मोजलं. पहिल्या फेरीत शुभार्थी मागे होते. मग त्यांना पुन्हा, वेळ घेऊन, निरनिराळ्या तऱ्हांनी समजावलं. दुसऱ्या फेरीत फरक उरला नाही. अडचण भास-संशयांपेक्षा लक्ष आणि स्मरण यांची जास्त होती. म्हणजे कागद एकदा वाचून दाखवणं पुरत नाही. दोनदा, तीनदा, मध्ये रात्र जाऊ देऊन.

समजावून सांगितलं की सगळं कळतं अशातलाही भाग नाही. पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ सालीच दाखवलं होतं की गट चिठ्ठीने पडतात हे सांगूनही माणसं समजतात की डॉक्टरांनी आपल्या भल्याचाच गट निवडला असणार. उपचार आणि संशोधन यांची ही गल्लत फार चिवट आहे. चाचणीतला डॉक्टर तुमचं वाईट व्हावं म्हणून बसलेला नसतो, पण मात्रा किती द्यायची हे तुमच्याकडे बघून ठरत नाही, आधी लिहून ठेवलेल्या आराखड्यावरून ठरतं.

आणि सही त्याची स्वतःची आहे, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. २००३च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात सायकोसिसच्या पहिल्याच झटक्यात एक तरुण दाखल झाला. त्याला सक्तीने मनोरुग्णालयात ठेवावं असा प्रस्ताव होता. न्यायालयाने तो तहकूब केला, अट अशी की त्याने उपचार करणाऱ्यांचं ऐकायचं. त्यानंतर लगेच त्याने एका औषध कंपनीच्या पैशाने चाललेल्या तुलनात्मक चाचणीच्या कागदावर सही केली. चाचणीचे प्रमुख आणि त्याचे डॉक्टर एकच होते. आई महिनोन्‌महिने लिहीत राहिली की त्याची तब्येत बिघडते आहे, त्याला बाहेर काढा. २००४च्या मे महिन्यात त्याने आयुष्य संपवलं. औषध नियामकांच्या पहिल्या तपासात कुणी दोषी ठरलं नाही. राज्याने २००९ साली कायदा करून अशा न्यायालयीन अटीखालच्या माणसांना औषध-चाचणीत घ्यायला मनाई केली. २०१५ साली विधिमंडळाच्या लेखापरीक्षकाच्या कडक अहवालानंतर विद्यापीठाला मनोविकारांच्या औषध-चाचण्यांत नवी माणसं घेणं थांबवावं लागलं.

माझ्या मूळ मुद्द्याला ही गोष्ट छेद देते आणि म्हणूनच ती मी टाळत नाही. इथे शुभार्थीला विचारलं होतं, सही त्याचीच होती. पण 'नाही' म्हटलं तर काय होईल याची टांगती तलवार डोक्यावर असताना विचारलं होतं. आणि त्याला रोज बघणाऱ्या, बदल ओळखणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नाही. होकार त्याचा हवा. धोक्याची घंटा मात्र बहुतेक वेळा शुभंकरालाच आधी ऐकू येते.

आता चाचणी म्हणजे गोळीच असं नाही. २००९ ते २०११च्या सुमारास आपल्या साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात 'कॉप्सी' नावाची चाचणी झाली. सुदीप्तो चॅटर्जी, चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या डॉ. आर. थारा, गोव्यात काम उभं केलेले डॉ. विक्रम पटेल ही त्यातली माणसं. २८२ शुभार्थी, चिठ्ठीने दोन गट. ९५ जणांना दवाखान्यातले नेहमीचे उपचार. १८७ जणांना ते आणि त्याबरोबर घरी येणारा कार्यकर्ता. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे. दहावीपर्यंत शिकलेला, माणसांशी नीट बोलता येणारा, काही आठवडे शिकवून तयार केलेला. तो घरी जाई, आजार काय आहे ते घरच्यांना समजावी, गोळ्या का सुटतात ते विचारी, कामाला लागायला मदत करी, सरकारी सवलतीचा कागद कुठे मिळतो ते सांगे.

यात प्लासिबो देता येत नाही. दारात माणूस आला की नाही हे लपणार कसं? म्हणून पॅन्सच्या मुलाखती घेणाऱ्यांना कोण कुठल्या गटात ते कळू द्यायचं नाही, एवढाच आडपडदा. आता मुलाखतीत शुभार्थी बोलून गेला की 'आमच्याकडे येतात ते दादा म्हणाले', तर संपलं. साताऱ्याच्या बोलीत 'दादा' बाहेर न येता अर्धा तास कसा काढत असतील, याचं मला कुतूहल आहे.

वर्षाने निकाल आला, २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. कार्यकर्ता येत होता त्या गटाचे पॅन्सचे गुण सरासरी ३.७५ने जास्त उतरले, अपंगत्वही थोडं कमी झालं. लोकांकडून होणारी हेटाळणी आणि शुभंकरांवरचा भार यांत फरक पडला नाही. गुण आला तो मुख्यतः कांचीपुरमच्या खेड्यांत, जिथे बाकी सोयी कमी. मला हा निकाल त्याच्या माफकपणासाठी आवडतो. घरी जाऊन विचारणं ही चांगलीच गोष्ट, हे सांगायला चाचणी कशाला, असं वाटतं. चाचणीने सांगितलं की चांगली आहे, पण किती, कुठे आणि कशासाठी नाही.

घरात कुणी चाचणीबद्दल विचारलं तर मी आधी नोंदणी क्रमांक मागायला सांगते. आपल्याकडे २००९पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत व्हावीच लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर उठून यावं. चाचणीच्या औषधाला, तपासण्यांना पैसे पडत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई कायद्याने. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता प्लासिबो दिला आणि त्यातून काही झालं, तर तीही चाचणीचीच इजा धरतात. हे फार थोड्यांना माहीत असतं. चाचणी संपल्यावर त्या औषधाचं काय, हे आधीच विचारावं. गुण आलेलं औषध सातव्या आठवड्यात बंद होणं यासारखी वेदना नाही. नियमात पुढेही ते मोफत मिळण्याची वाट आहे, पण अटी आहेत: दुसरा उपाय नसावा, डॉक्टरांची शिफारस हवी, एथिक्स कमिटीची मंजुरी हवी.

आणि संमतिपत्राची प्रत. नियमाचं वाक्य मी इतक्या वेळा मराठीत आणलंय की पाठ झालंय: माहितीपत्रक आणि भरलेलं संमतिपत्र यांची प्रत त्या व्यक्तीला 'किंवा तिच्यासोबतच्या व्यक्तीला' द्यावी. प्रत्यक्षात ती सोबतच्या व्यक्तीच्याच हातात जाते. आई ती चौघडी करून पिशवीत, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवते. एथिक्स कमिटीचा फोन नंबर शेवटच्या पानावर असतो, तोही तिथेच जातो. कॅमेरा हातात देणाऱ्या त्या ताई दोन प्रती काढत. एक आईला. दुसरी त्याला, आणि त्या वेळी म्हणत, "दादा, हा तुमचा कागद. घरी वाचा, नाही पटलं तर सोमवारी येऊन फाडा."

एकाने सोमवारी येऊन खरंच फाडला. ताईंनी फाईलवर तारीख टाकली, कारणाच्या रकान्यात 'स्वतःचा निर्णय' असं लिहिलं आणि त्याला चहा विचारला.